कलिपाला सांगायचं नाही

९ ऑगस्ट

हृदयाचे डॉक्टर आले. राजधानीतून, दोन गाड्या भरून. शाळेच्या एका वर्गात यंत्र मांडलं आणि चाळिशीपुढच्या सगळ्या गावाला शर्ट काढून बाकांवर बसवलं. शेजारचा सातिबाल्दी म्हणाला, लग्नानंतर पहिल्यांदाच इतक्या जणांसमोर उघडा बसलोय.

माझ्या छातीवर थंडगार चिकट काहीतरी फासून यंत्रवाली मुलगी फार वेळ पडद्याकडे बघत बसली. पुन्हा पुन्हा तीच जागा. मी म्हटलं, इथं व्होल्टेज पडतं, यंत्र बिघडलं असेल. ती म्हणाली, हो, असेल. कलिपाचं मात्र लगेच आटपलं. माझी बायको आहे, जरा नीट बघायला काय झालं होतं? पण असंच असतं — एकाला उगाच चिवडतात, दुसऱ्याला उरकतात. कामात शिस्त नाही.

संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी दादाला बोलावून घेतलं. घरातला वडील माणूस तो. जे काय असेल ते आधी वडिलांच्या कानावर घालतात. बराच वेळ आत होता. बाहेर आला आणि माझ्याशी न बोलता थेट आपल्या घरी गेला.

१० ऑगस्ट

दादा सकाळीच आला. चहा नको म्हणाला. दादा आणि चहा नको! मला मेंढवाड्यामागं नेलं आणि मेंढ्यांकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, दादा, वारा झोंबतोय, काय ते बोलून टाक.

कलिपा.

तिच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत दाब फार वाढलाय. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो नव्हे. हा आतला, वेगळा. उंचीवर राहणाऱ्यांचा रोग, ओठ निळे पडतात म्हणे. बर्फानं घाट बंद व्हायच्या आत तिला खाली ओश शहरात न्यायचं. आणखी एक हिवाळा इथं वर काढला तर —

"तिला सांगायचं नाही," एवढं दादा म्हणाला.

हे मला सांगायला नको. रोग्याला रोग सांगत नाहीत. आमच्या मामाला शेवटपर्यंत पित्त आहे म्हणून सांगितलं होतं, आणि तो बिचारा पित्तानंच वारला असं समजून गेला. सांगितलं की अर्धा जीव तिथंच जातो. उरलेल्या अर्ध्यावर औषध किती चालणार?

दादाचे डोळे लाल होते. माझ्या बायकोसाठी त्याला इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. एरवी तिच्या रश्श्याला नावं ठेवण्यात त्याची पहिली वाटी संपते.

१२ ऑगस्ट

चुलीशी वाकली तेव्हा तिचे ओठ नीट पाहिले. निळे नाहीत. पण चुलीचा उजेड लाल असतो. त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

१५ ऑगस्ट

दादाला खोदून विचारावं तर "मला काय कळतंय, दाब म्हणाले" यापुढं गाडी जात नाही. असं मला चालत नाही. ज्याच्याशी झुंजायचं त्याची रचना ठाऊक हवी. गावाचा पंप मी कुठल्या शाळेत शिकलो? उघडून शिकलो.

ओशला मेव्हणी आहे — उम्सुनाय, कलिपाची धाकटी. तिची मुलगी नर्सिंग शिकते. म्हटलं, तिच्या पुस्तकातल्या फुप्फुसाच्या पानांचे फोटो पाठव. उम्सुनाय म्हणाली, "दाजी, या वयात नर्स व्हायचं मनात आहे का? टोपी मी शिवून देईन." मग कारण सांगितलं. पानं पाठवते म्हणाली, टोपीचं पुन्हा काढलं नाही.

फोनला रेंज फक्त टेकडीवर येते. चढताना दोनदा बसावं लागलं. रात्री झोप नाही, त्याचं हे.

पानं रशियनमध्ये. पुन्हा पुन्हा वाचली. समजलं ते इथं माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे खरंच समजलं का ते कळेल.

हवा विरळ असली की फुप्फुसातल्या बारीक धमन्या आवळून घेतात. थोडा वेळ आवळल्या तर ठीक. पण वर्षानुवर्षं विरळ हवेत राहिलं तर काहींच्या धमन्या आवळलेल्याच राहतात. त्यातून रक्त ढकलायचं म्हणजे दाब वाढणार. वाढलेला दाब सोसायला धमनीच्या भिंतीतला स्नायू जाड होतो — ओझी वाहणाऱ्याचा दंड होतो तसा. अगदी टोकाच्या धमन्या, ज्यांच्या भिंतीत स्नायू असा नसतोच, त्यांनाही स्नायू धरतो. आतलं अस्तर दाट होतं, बाहेरचं आवरण राठ. आणि ही जाडी आत सरकते, रक्ताच्या वाटेवर. वाट अरुंद झाली म्हणून दाब आणखी. दाब आणखी म्हणून भिंत आणखी.

आधी मला वाटलं, बॉयलरच्या नळ्यांसारखं — आत क्षार बसतो, वाट बुजते. चूक! इथं बाहेरून काही येऊन बसत नाही. भिंत स्वतःच वाढते. नळी मेलेली असते म्हणून दाबानं फुटते. धमनी जिवंत आहे, ती फुटत नाही, हट्टाला पेटते.

या सगळ्याच्या मागं हृदयाचा उजवा कप्पा उभा. तो मुळात हलक्या कामाचा. त्याला रोज त्या भिंतींशी कुस्ती. आधी तोही जाडजूड होतो, मग दमतो, मग सैल पडतो. मग चढावर दम, पायांना सूज, निळे ओठ.

कुणाचाच दोष नाही. धमनी आपलं काम करते, हृदय आपलं काम करतं, आणि दोघं मिळून माणसाला मारतात.

एकच ओळ बरी आहे. खाली नेलं तर आवळलेल्या धमन्या सैल होतात, जाड झालेली भिंतही थोडीफार उतरते. सगळी नाही. आणि वेळेत नेलं तर.

२० ऑगस्ट

दादानं गोळ्यांच्या दोन डब्या आणल्या. निळी कलिपाची, पांढरी माझी. तिच्या एकटीच्या हातावर गोळी ठेवली तर तिला संशय यायचा. म्हणून दोघांनी घ्यायची — शाळेत आलेल्या डॉक्टरांनी सगळ्यांनाच जीवनसत्त्व लिहून दिलंय असं सांगायचं. तिची खरी, माझी नुसती देखाव्याची. युक्ती चांगली आहे. दादाला सुचली याचंच नवल.

कलिपानं मुकाट्यानं गिळली. वर माझ्याकडे टक लावून, "तुमची?" मीही गिळली.

माझी कडू आहे आणि सकाळभर लघवीला पळवते. हे कसलं जीवनसत्त्व! पण चुकवता येत नाही, ती बघत असते.

२६ ऑगस्ट

पाण्यावरून भांडण. मी तिच्या आधी उठून नळावरून दोन्ही कॅन भरून आणत होतो. तिनं वाटेतच गाठलं आणि हातातून ओढायला लागली. मी सोडेना, ती सोडेना. निम्मं पाणी बुटांत. सातिबाल्दी कुंपणावरून बघत होता. म्हणाला, "म्हातारपणी खेळ सुचताहेत. चालू द्या, चालू द्या."

मला कारण सांगता येईना. शेवटी म्हटलं, पाणी आणणं हे बायकांचं काम आहे असं कुठं लिहिलंय? यावर ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी बकरी उडताना पाहिली असं म्हणालो.

तिचे गुडघे दुखतात म्हणे. आताशा सारखी थांबते. चार पावलं झाली की "अहो, बसा जरा माझ्यासोबत, एकटीनं बसलेलं बरं दिसत नाही." तिला वाटतं गुडघे. मला ठाऊक आहे ते काय आहे. बसतो. मनगट धरतो, जणू सहजच, आणि नाडी मोजतो. तिची नाडी ठाय लयीत असते. रोग किती आतून चालतो!

खरं लिहायचं तर बसलेलं मलाही बरं वाटतं. काळजीनं माणूस अंगानं थकतो हे मी पूर्वी मानत नसे.

३० ऑगस्ट

काही लिहिण्यासारखं नाही. दमलो.

४ सप्टेंबर

आज जे पाहिलं ते नीट लिहून ठेवायला हवं.

सातिबाल्दीनं वसंतात खालच्या खोऱ्यातून गाय आणली होती, धिप्पाड, दुधाची. मी तेव्हाच म्हटलं होतं, खालचं जनावर वर टिकत नाही. गेले काही दिवस तिच्या छातीखाली पाणी साठून पिशवी लोंबत होती. आज उभी राहीना, तेव्हा मरायच्या आत कापली. दादाकडे नातीची सोयरीक ठरून कानातली घालायची होती, त्या जेवणासाठी याक कापला होता. मी दोन्हींची फुप्फुसं मागून घेतली. दादा म्हणाला, "कुत्र्याला?" मी म्हटलं, हो, कुत्र्याला.

अंगणात फळीवर ठेवली, सुरीला धार दिली. याकाचं फुप्फुस कापलं तर धमन्या ओल्या कागदासारख्या एकमेकींवर चिकटून पडल्या. बोटानं उघडाव्या लागल्या. चिमटीत धरल्या तर मधे काही आहे असं वाटेना. गाईचं कापलं आणि धमन्या आ वासून उभ्या! बारीकसुद्धा. गवताच्या नळ्या खोचल्यासारख्या. चिमटीत दाबल्या की परत वर येतात. भिंत जाड, पांढरट, आणि आतलं भोक आगपेटीच्या काडीचं टोकही जाऊ नये इतकं.

याक इथलाच. त्याची भिंत पिढ्यानपिढ्या पातळच राहिली. माणसं मात्र सगळी याक नसतात. काहींचं रक्त इथलं असूनही आत गाय असते.

कलिपा आतडी धुवायला आली आणि उभी राहिली. म्हणाली, कुत्र्यासाठी एवढं नीट कापतंय का कुणी? मी म्हटलं, गाय कशानं गेली ते बघतोय. ती म्हणाली, मलाही सांगा. मग मी सांगितलं — गाईचं म्हणून, फक्त गाईचं म्हणून. दाब, भिंत, आत सरकणारी जाडी, थकलेलं हृदय. ती हातातलं आतडं धरून तशीच ऐकत राहिली.

"आणि उन्हाळ्यातच खाली नेली असती तर?"

"तर जगली असती. भिंत उतरते. वेळेत नेली तर."

"मग नेली का नाही?"

"सातिबाल्दीला कुठं ठाऊक."

"गाईला ठाऊक असेल," कलिपा म्हणाली. "तिला दम लागत असेल. पण जनावर आडमुठं. दम लागतोय म्हणून सांगेल कशाला!" आणि पाणी फेकून आत गेली. डोळ्यांत पाणी होतं.

तिला संशय आलाय. गाईचं सांगायला नको होतं.

११ सप्टेंबर

तिला खाली न्यायचं निमित्त काय? आठवडाभर उम्सुनायशी फोनवर जुळवत होतो. उम्सुनायच्या घरचा बॉयलर गळतोय, मला जावंच लागेल, तू सोबत चल, हिवाळाभर राहू. सगळे नकार आधीच गृहीत धरून त्यांची उत्तरं तयार ठेवली होती — मेंढ्या दादा बघेल, घरातली चूल सातिबाल्दीची बायको पेटती ठेवेल.

आज दुपारी मी तोंड उघडणार, तोच कलिपा म्हणाली, "या हिवाळ्यात ओशला राहू या का? उम्सुनायचा बॉयलर गळतोय म्हणे."

एवढी तयारी केलेली! मग मीच नको नको म्हणायला लागलो, संशय येऊ नये म्हणून. पंप कोण बघणार, पाइप गोठले तर अख्खं गाव कोरडं. ती चिडली. दादाला बोलावून आणलं. दादा म्हणाला, पंप पंप काय लावलंस, तो पंप तुझी बायको आहे का? मग मी मोठ्या मनानं तयार झालो.

एक मात्र खरं. स्वतःसाठी मी हा पंप कधीच सोडला नसता. न्यूमोनिया झाला तेव्हासुद्धा नाही. दादा घोडा जोडून दारात उभा होता आणि मी आतून कडी घातली होती. कलिपाची गोष्ट वेगळी.

१७ सप्टेंबर

बूट पायात जाईनात. त्या पाण्याच्या भांडणात भिजले, आटले असणार. दादाचे जुने घातले.

२१ सप्टेंबर

घाटावर पहिलं बर्फ. दादा सकाळ-संध्याकाळ येऊन डोंगराकडे बघतो आणि जातो. पाचव्या दिवशी निघायचं ठरलं.

पंपघराच्या चाव्या सातिबाल्दीला दिल्या. कुठला व्हॉल्व्ह आधी, कुठला मागून, पाइप आधी कुठं गोठतो, सगळं दाखवलं. शिडीवर चढून दाखवावं लागलं. उतरल्यावर बराच वेळ भिंतीला टेकून उभा होतो. एरवी हा माणूस मला सोडत नाही, आज चेष्टा केली नाही. "जा तू," म्हणाला. "वसंतात ये. मी पंप मोडून ठेवतो, तुला काम राहील."

उम्सुनायचा निरोप — दाजींना म्हणावं, गादी तुमच्यासाठी टाकून ठेवली आहे, ताईला चटईवर झोपवीन, जुन्या नवरीला तेवढं पुरे.

२६ सप्टेंबर

आमचं गाव असं आहे की खाली जायचं तर आधी वर जावं लागतं. गाव तीन हजार मीटरवर, घाट साडेतीन हजारांच्या पुढं. हीच मला भीती होती. दवाखान्यातून प्राणवायूची रबरी उशी मागून घेतली, तिच्या मांडीवर ठेवली. कारण काय सांगायचं? म्हटलं, घाटात गाडी बंद पडली तर उशाला होईल.

वळणं सुरू झाली. मी नळी तिच्या तोंडाशी नेली. म्हटलं, ओढ, गंमत म्हणून.

"फुटकी असली तर? आधी तुम्ही बघा."

ओढून बघितली. फुटकी नव्हती.

"अजून ओढा. नीट कळत नाही."

मी चिडलो. एका श्वासात कळतं! तेवढ्यात दादा पुढून, स्टिअरिंगवरून ओरडला — "ती म्हणते तसं कर ना, गाढवा!" दादा माझ्यावर कधी ओरडलेला नाही. वडील गेले त्या वर्षी मी त्याचा घोडा विकला तेव्हाही नाही.

माथ्यावर मला डुलकी लागली असावी. डोळे उघडले तेव्हा रस्ता उताराला लागला होता, नळी माझ्या तोंडात होती आणि उशी चपटी. कलिपा दोन्ही हातांनी ती माझ्या तोंडाशी दाबून धरून बसली होती. रिकामी! तिच्यासाठी आणलेली, आणि मी झोपेत संपवली! इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. तिला म्हटलं, तू मला उठवलं का नाहीस?

ती म्हणाली, "मला नाही लागली. माझं बरं आहे." आणि डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढून घेतला. उतारभर तिचे खांदे हलत होते. दादा सारखा नाक पुसत होता, काच बंद असताना वाऱ्याच्या नावानं.

२९ सप्टेंबर

ओश. इथली हवा दाट आहे, खाल्ल्यासारखी वाटते. पहिल्या रात्री सलग झोपलो. पाय दादाच्या बुटांत सैल झाले.

कलिपा उम्सुनायबरोबर बाजारात गेली, झपाझपा, दोन्ही हातांत पिशव्या. गुडघ्यांचं नाव नाही. भिंती उतरायला लागल्या असतील. इतक्या लवकर उतरतात असं पुस्तकात नव्हतं, पण पुस्तकात सगळंच असतं असं नाही.

तिला तसं चालताना बघितलं आणि वाटलं, जमलं. तिला कळू न देता जमलं. आता जरा पडतो.

१ ऑक्टोबर

दवाखाना. कलिपा, दादा, मी. डॉक्टरीणबाईंनी वर न बघता विचारलं, पेशंटचं नाव? दादा खिडकीबाहेर बघायला लागला. मी कलिपाचं नाव सांगायला तोंड उघडलं.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. सासऱ्याचं तर तो मातीत गेल्यावरही नाही. सत्तावीस वर्षांत कलिपानं ही दोन नावं एकदाही उच्चारलेली नाहीत.

तिनं माझा हात धरला आणि दोन्ही घेतली.

"ताश्तेमिर. मोल्दोकुल यांचा मुलगा."